रत्नमालेचा हेल

नाशिकच्या सिडकोत लॅपटॉप दुरुस्तीची दुकानं चिक्कार आहेत. पण मुकुंद खैरनारच्या दुकानात माणूस जायचा तो आधी बोलणी खायला आणि मग दुरुस्तीला. पंचवीस वर्षं धंद्यात मुरलेला गडी. हात सोन्याचे, जीभ मात्र लवंगी मिरची.

त्या दिवशी दुपारी चांदवडकडचे एक मुख्याध्यापक काउंटरपलीकडे उभे होते. त्यांच्या शाळेला शंभर वर्षं पूर्ण व्हायची होती, म्हणून त्यांनी वर्षभर हिंडून गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या होत्या. लॅपटॉप कुरकुरायला लागला, त्यावर एक अपडेट आलं आणि गुरुजींनी ते चालवून टाकलं.

"ते विचारत होतं ना, अपडेट करू का म्हणून. मी हो म्हटलं," गुरुजी म्हणाले.

"ते विचारत होतं म्हणून तुम्ही हो म्हटलं," मुकुंद चष्म्यावरून बघत म्हणाला. "उद्या विचारेल, गच्चीवरून ढकलू का. तेव्हाही हो म्हणाल?"

गुरुजी गप्प बसले. शाळेत बहुधा ते इतरांना गप्प बसवत असतील.

"अहो, आधी कॉपी, मग हात. आमच्या धंद्यातलं ते पहिलं कलम आहे. दुखणाऱ्या ड्राइव्हवर काही लिहायचं नाही, काही चढवायचं नाही. आहे तसा, फुटका-तुटका, सगळा उतरवून घ्यायचा. मग काय शहाणपणा करायचा तो त्या कॉपीवर. हे बघा." त्याने मागच्या फळीकडे बोट दाखवलं. ओळीने मांडलेल्या ड्राइव्हवर कागदी चिकटपट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीवर कॉपी घेतल्याची तारीख. "पट्टी नाही तर मी स्क्रू-ड्रायव्हर उचलत नाही. कलेक्टर आला तरी नाही."

दुकानाच्या आतल्या भागात, पार्टिशनमागे, मुकुंदची बायको रत्नमाला डबा घेऊन आली होती. स्टुलावर बसून ती सगळं ऐकत होती. मुकुंदला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्याने त्या दिवशी तोंड आवरलं असतं, कारण ज्या माणसाने हजार लोकांना हे कलम ऐकवलं होतं, त्याने आपल्या घरच्या ड्राइव्हचं काय केलं होतं, हे त्या दुकानात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

झालं होतं ते असं.

रत्नमाला मूळची अकोटची, अकोला जिल्ह्यातली. लग्न होऊन नाशिकला आली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, पण बोलणं तिने जन्मात बदललं नाही; तिकडे बायकाही 'मी जातो, मी येतो' म्हणतात, तशीच ती म्हणायची. बालवाडीत पोरं सांभाळायची. मूलबाळ झालं नाही, म्हणून ती तीसेक पोरं तिचीच. वऱ्हाडी हेल काढून ती एकदा "काय करून रायले रे पोट्टेहो" म्हणाली की अख्खी बालवाडी चिडीचूप. नाशिकच्या आया हसायच्या, त्यांची पोरं घरी जाऊन तसंच बोलायची.

मग तिच्या स्वरयंत्रात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल आणि आजार पसरल्यामुळे बोलण्यासाठी कृत्रिम पडदाही बसवता येणार नाही. पण आता एक सोय झाली होती. ऑपरेशनच्या आधी तीन-चार तास आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा, पुण्याच्या केंद्रात त्यावरून यंत्राला तो आवाज शिकवतात, मग आपण फोनवर लिहायचं आणि गळ्यातली डबी आपल्या आवाजात बोलते.

मुकुंदने त्यासाठी मुद्दाम नवा लॅपटॉप घेतला. केंद्राने वाचायला दोनशे बारा वाक्यांची यादी दिली होती. "आज हवामान कोरडे राहील." "कृपया मला एक पेला पाणी द्या." रत्नाने चार वाक्यं वाचली आणि कागद बाजूला सारला.

"अवो, असं कोन बोलते? मी कवा तुमाले कृपया म्हटलं का?"

"अगं, त्यांनी दिलंय ते वाच ना."

"मले मेल्यावर... मेल्यावर म्हंजे गळा गेल्यावर, बाप्पा, तोंड नका पाडू... मले तुमच्यावर कावाचं असन तं मी काय हवामान सांगू? थांबा. मी माह्या मनानं बोलतो. तुमी मोजा फक्त."

आणि ती बोलली. दोन दिवस, रोज दोन-दोन तास. भाकर गार होऊन रायली, या जेवाले. उन्हात नोको जाऊ. दार लावून घ्या. तुमचा चष्मा तुमच्याच डोक्यावर आहे. मधे हसायची, मधे खाकरायची, वाक्याचा शेवट असा लांबवत वर न्यायची की ऐकणाऱ्याला वाटावं, अजून काहीतरी राहिलंय. दोनशे बारा वाक्यं झाली तेव्हा मुकुंदने फायली जपून ठेवल्या.

"ऑनलाइन पण ठेवू का एक प्रत?" त्याने विचारलं होतं.

"बिलकुल नाही." त्या वर्षांत आवाजाच्या चोऱ्या बोकाळल्या होत्या. रत्नाच्याच मेहुण्याला कुणीतरी मुलाच्या आवाजात फोन करून गंडवलं होतं. तेव्हापासून लोक आवाजाचे मेसेज ठेवेनासे झाले होते, व्हिडिओतला आवाज पुसून टाकत होते. रत्नानेही सगळं पुसलं होतं. "माहा आवाज काय कोनाच्या गोदामात ठेवता? घरात ठेवा." म्हणून तो घरातच राहिला, एकाच ड्राइव्हवर.

ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. मग जखम चिघळली, मग रेडिएशन, मग अशक्तपणा. लॅपटॉप कपाटात, साड्यांच्या खाली, साडेचार महिने बंद पडून होता.

आता इथे त्या ड्राइव्हची कुंडली सांगायला हवी. एसएसडीत, म्हणजे हल्लीच्या लॅपटॉपमधल्या ड्राइव्हमध्ये, जुन्या हार्ड डिस्कसारखं फिरणारं काही नसतं. असतात ते अब्जावधी सूक्ष्म कप्पे आणि प्रत्येकात कोंडलेला विजेचा इवलासा भार. भार किती आहे, यावरून कप्प्यात काय लिहिलंय ते समजतं. सुरुवातीला भरलेला की रिकामा एवढंच ओळखायचं असे. मग एकाच कप्प्यात जास्त मजकूर कोंबण्यासाठी चार पातळ्या झाल्या, आठ झाल्या, सोळा झाल्या. स्वस्ताईच्या हव्यासापायी त्या चौसष्टावर नेल्या. एका चमच्यावर चौसष्ट खुणा करायच्या आणि त्यात तेल कुठवर आहे ते वाचायचं, तसला प्रकार. थेंबभर गळलं की वाचन चुकलं. लॅपटॉप रोज चालू असेल, तर ड्राइव्ह स्वतःच गळती भरून काढत राहतो. महिनोन्महिने बंद राहिला की भार झिरपून जातो. असे लाखो ड्राइव्ह बाजारात विकले गेले आणि मग बोंब झाली.

प्रत्येक ड्राइव्हच्या पोटात एक छोटा संगणक असतो आणि त्याचा कारभार चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. बोंब झाल्यावर कंपनीने नवं फर्मवेअर काढलं. आधीचं फर्मवेअर, एखादा तुकडा वाचता आला नाही तर सरळ सांगायचं की वाचता येत नाही. नवं तसं सांगत नसे. ते आजूबाजूचा मजकूर बघून मधलं काय असावं याचा अंदाज करी, तो अंदाज नव्या कप्प्यात खरा म्हणून लिही आणि जुने कप्पे पुसून टाकी. अंदाज करायला ते कारखान्यातूनच शिकून आलेलं असे. आवाजाचं म्हणाल तर बातम्या, भाषणं, जाहिराती असले हजारो तास ऐकून. फोटोतल्या आभाळाचा एखादा ठिपका त्याने भरला तर कुणाला कळणार? लोक खूश झाले. कंपनीने जाहिरात केली की आता काहीही हरवत नाही.

मुकुंद दुकानात याच फर्मवेअरला शिव्या घालायचा. जुन्या कप्प्यांत मंद का होईना, भार उरलेला असतो. आहे तशी कॉपी घेऊन ड्राइव्ह बंगळूरच्या प्रयोगशाळेत पाठवला, तर ते लोक विजेच्या वेगवेगळ्या दाबाने पुन्हा पुन्हा वाचून बराचसा खरा मजकूर बाहेर काढतात. एकदा ते अपडेट चढलं की मग ब्रह्मदेव आला तरी काही निघत नाही.

आणि मग जानेवारीतली ती सकाळ आली. पुण्याच्या केंद्राची वेळ दुपारी एकची होती. ती चुकली तर पुढची तीन महिन्यांनी. गाडी आठला दारात येणार होती. सातला मुकुंदने कपाटातून लॅपटॉप काढला, चालू केला, आणि फायली उघडेनात. दोनशे बारापैकी एकशे चाळीस म्हणाल्या, वाचता येत नाही.

कॉपी घ्यायची तर दुखरा ड्राइव्ह नऊ तास खाणार होता. नऊ तास त्याच्याकडे नव्हते. रत्ना पलीकडे तयार होऊन उभी होती. मोरपिशी साडी, गळ्यावरच्या छिद्रावर पांढरा रुमाल. साडेचार महिने ती वहीत लिहून बोलत होती. रात्री झोपेत तिचे ओठ हलायचे, ते मुकुंदने पाहिलं होतं. तिने मनगटावर बोट आपटून खूण केली, उशीर होतोय.

अशा वेळी दुसऱ्या कुणाला मुकुंदने काय सांगितलं असतं? पुणं गेलं खड्ड्यात, तीन महिने थांबा. पण वैद्याने घरच्या रोग्याला औषध देऊ नये म्हणतात ते काही उगाच नाही. त्याने अपडेट चढवलं. अकरा मिनिटं लागली.

दोनशे बाराच्या दोनशे बारा फायली उघडल्या. रत्नाने त्याच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात एक ओळ आली होती: 'पूर्ण केलेला भाग ३८ टक्के.' कोणता भाग, कुठल्या वाक्यात, कुठल्या शब्दात, त्याची नोंद ते फर्मवेअर ठेवतच नव्हतं. मुकुंदने स्क्रीन जरा आपल्याकडे फिरवली.

रत्नाने भुवया उंचावून विचारलं, झालं?

"झालं," तो म्हणाला. "चल."

दोन आठवड्यांनी डबी मिळाली. केंद्रातल्या मुलीने ती रत्नाच्या गळ्यात अडकवली आणि फोन हातात दिला. रत्नाने लिहिलं, "मले पाणी द्या." डबी बोलली. स्वच्छ, गोड, रेडिओवर शोभेल असा बाईचा आवाज. रत्नाने मागे वळून पाहिलं, कोण बोललं ते बघायला.

मग तिने लिहिलं, आणि डबीने त्याच गोड आवाजात विचारलं, "ही बाई कोन?"

केंद्रातली मुलगी हसली. मुकुंदही हसला. त्याला काय हसू आलं असेल ते त्याचं त्यालाच माहीत. "अगं, आपला आवाज आपल्याला रेकॉर्डवर नेहमीच परका वाटतो," तो म्हणाला. "बोलताना आपण तो कानाने तर ऐकतोच, शिवाय कवटीच्या हाडातून आतूनही ऐकतो. बाहेरून ऐकला की वाटतं, हा कोण."

"बरोबर आहे काका. पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं," मुलगी म्हणाली.

बरोबर होतंच ते. विज्ञानाच्या पुस्तकात छापलेलं, शंभर टक्के खरं. खोटं बोलणाऱ्याला इतकं खरं क्वचितच हाताशी मिळतं. रत्नाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

लोक भेटायला आले. किती छान आवाज आलाय हो, अगदी तुमचाच. शेजारच्या बाई म्हणाल्या, उलट जरा गोडच झालाय. अकोटहून थोरल्या बहिणीचा, छायाताईंचा फोन आला, त्या तेवढ्या म्हणाल्या, "काय वं रत्ने, तू तं पुन्याच्या बाईवानी बोलून रायली." रत्नाने लिहिलं, "सवय होईल." तिने "होईन" लिहिलं नव्हतं, "होईल" लिहिलं होतं.

कारण त्या सुरात वऱ्हाडी लिहिलं तर ते नाटकातल्या मोलकरणीच्या तोंडी दिल्यासारखं वाटायचं. शब्द तिचे, हेल कुणाचा तरी. हळूहळू तिने शब्दच बदलले. मग कावणं कमी झालं. त्या आवाजात कावता येत नव्हतं, प्रत्येक वाक्य विनंतीसारखं निघायचं. "तुमचा चष्मा डोक्यावर आहे." मुकुंद चष्मा काढून नाकावर घ्यायचा आणि पुढची बोलणी यायची वाट बघायचा. बायकोने टाकून बोलावं, खसकन ओढून बोलावं, यासाठी माणूस इतका झुरू शकतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

दोनदा त्याने सांगायचं ठरवलं. एकदा तिला ताप होता, म्हणून राहिलं. एकदा ती हसत होती, म्हणून राहिलं. जानेवारीचा जून झाला.

आणि आता पुन्हा दुकानात. गुरुजी विचारत होते, "पण सगळ्या मुलाखती ऐकू येतायत हो. मग बिघडलं काय?"

"ऐकू येतायत, तेच बिघडलं," मुकुंद म्हणाला. त्याचा आवाज आता उतरला होता. "फायली उघडल्याच नसत्या तर तुम्हाला कळलं तरी असतं की काहीतरी गेलंय. आता कुठल्या आजोबांनी काय सांगितलं आणि यंत्राने कुठे काय घुसवलं, ते कोण ओळखणार? त्यांचे आवाज ज्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेत, त्यांना बसवा ऐकायला, आणि लवकर बसवा. माणसाचा कान फार विसराळू असतो. चार महिने हेच ऐकत राहिलात तर हेच खरं वाटायला लागेल."

गुरुजी लॅपटॉप काखेत मारून गेले. पार्टिशनच्या दारात रत्ना उभी होती. हातात फोन. तिने सावकाश लिहिलं आणि गळ्यातल्या डबीने अगदी मंजूळ आवाजात विचारलं, "माझ्या लॅपटॉपची कॉपी घेतली होती का?"

मुकुंदने फळीकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "नाही," तो म्हणाला.

"किती गेलं?"

"अडतीस टक्के."

"कुठलं कुठलं?"

"ते मला माहीत नाही. ड्राइव्हलाही माहीत नाही. रत्ना, सकाळी सात वाजले होते, गाडी यायची होती, तू तयार होऊन..." तो थांबला. तिच्यावर ढकलतोय हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. "माझी चूक झाली. मी घाई केली."

रत्ना बराच वेळ लिहीत होती. मग तिने लिहिलेलं पुसलं, डबी गळ्यातून काढून काउंटरवर ठेवली, पावतीपुस्तक ओढलं आणि पेनने लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं होतं.

'घाई केली ते मी समजलो असतो. मी बी उभी होतो ना दारात. पन त्याच दिवशी काहून नाही सांगतलं? मी विचारलं तुमाले ही बाई कोन. तुमी मले कवटीचं हाड सांगतलं.'

 मुकुंदने टेबलाची कड धरली आणि खाली मान घालून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही.

त्याच संध्याकाळी त्याने पुण्याला फोन केला. केंद्रातली मुलगी म्हणाली, "काका, भेसळ नसलेली पंधरा मिनिटं मिळाली तरी नव्याने आवाज बांधता येईल. सलग नको, तुकडे चालतील. पण ते काकूंचेच असले पाहिजेत. एकही परका तुकडा आला तर यंत्र त्याच्याकडेच ओढलं जातं, कारण तो सोपा असतो." पंधरा मिनिटं. चार तासांतून पंधरा मिनिटं म्हणजे फार नव्हतं. रत्नाने वहीत लिहिलं, 'मी ओळखतो. माहा आवाज मी नाही ओळखीन?'

डबी तिने पुन्हा गळ्यात घातली नाही. रोज दुपारी दोघं जेवणाच्या टेबलाशी बसू लागली. मुकुंद एकेक वाक्य तुकड्या-तुकड्याने लावायचा. परका वाटला की रत्नाने हात वर करायचा, आपला वाटला तर नुसतं बसायचं. मुकुंदने वहीत फुली किंवा बरोबरची खूण करायची.

पहिले दोन दिवस तिचा हात भराभर वर जात होता. "चष्मा" फुली. "तुमच्याच डोक्यावर" बरोबर. मुकुंदला आशा वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी ती एकेक तुकडा तीनदा, चारदा लावायला सांगू लागली. चौथ्या दिवशी मुकुंदने चुकून आधी झालेलं एक वाक्य पुन्हा लावलं. पहिल्या दिवशी जिथे फुल्या होत्या तिथे ती शांत बसून राहिली आणि जिथे बरोबरच्या खुणा होत्या तिथे तिचा हात वर गेला. मुकुंदने वहीचं पान उलटलं. रत्नाने मात्र त्याचा चेहरा पाहिला होता.

तिने लिहिलं, 'तुमी सांगा. अठ्ठावीस वर्सं तुमीच आयकला.'

त्याने डोळे मिटून दोन तुकडे ऐकले. एक तिचा वाटला. मग दुसराही तिचाच वाटला. पाच महिने सकाळ-संध्याकाळ घरात डबी बोलत होती आणि त्या गोड बाईने दोघांच्याही कानांत आपलं बिऱ्हाड मांडलं होतं. "मलाही कळत नाही," तो म्हणाला. जानेवारीत कळलं असतं. तेव्हा तिचा आवाज घराच्या भिंतींना अजून चिकटलेला होता, आणि तेव्हा तो स्क्रीन आपल्याकडे फिरवून बसला होता. ड्राइव्ह त्याने अकरा मिनिटांत बिघडवला. हे दुसरं बिघडवायला त्याने पाच महिने घेतले होते.

गुरुवारी छायाताईंचा फोन आला. रत्नाने त्यांना सगळं कळवलं होतं आणि त्या माउलीने घर उलथंपालथं केलं होतं. माळ्यावर एक जुना मोबाइल सापडला, स्क्रीन तडकलेला, बटण दबत नव्हतं. अकोटच्या दुरुस्तीवाल्याने त्यातून चौदा वर्षांपूर्वीचा एक व्हिडिओ काढून दिला. भाच्याने कुणाच्या तरी बकरीचा काढलेला. बकरीमागे कुठेतरी रत्ना पोरांना ओरडत होती. सगळी मिळून सहा सेकंदं.

मुकुंदने तो दुकानात बसून ऐकला. "अरे पोट्टेहो, उन्हात नोको जाऊ, डोकं दुखन मंग." शेवटचा 'मंग' लांबत लांबत वर गेला आणि तिथेच लटकला. मुकुंद खुर्चीत मागे रेलला. हाच तो. कसा विसरलो मी? त्या जुन्या मोबाइलला ना ते फर्मवेअर माहीत, ना अंदाज माहीत. हा आवाज शंभर नंबरी होता. त्याने सगळ्यात आधी त्याच्या तीन कॉप्या घेतल्या. मग बकरीचं ओरडणं कापून तेवढंच वाक्य वेगळं काढलं.

तिला आधी सांगायचं नाही असं त्याने ठरवलं. त्यात कपट नव्हतं. त्याला वाटलं, इतरांच्या मधे हा लावू. ती दचकेल, चेहरा उजळेल. एकदा खरा आवाज कानात बसला की परके तुकडे ती निवडून काढेल, डाळीतले खडे काढावेत तसे. पंधरा मिनिटं सहज निघतील.

दुपारी दोघं टेबलाशी बसली. त्याने तीन वाक्यं लावली. रत्ना थकल्यासारखी ऐकत होती. चौथं त्याने हे लावलं.

"अरे पोट्टेहो, उन्हात नोको जाऊ, डोकं दुखन मंग."

रत्नाने क्षणभरही विचार केला नाही. तिचा हात वर गेला.

मुकुंदची पेन्सिल वहीवर टेकली होती. एक फुली मारायची आणि पुढचं वाक्य लावायचं, एवढंच करायचं होतं. तिला काही कळलं नसतं. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"रत्ना," तो म्हणाला, "हा तुझाच आहे. छायाताईंच्या जुन्या फोनमधला. चौदा वर्षांपूर्वीचा. याला कुणी हात लावलेला नाही."

तिचा हात तसाच वर राहिला. मग खाली आला. तिने बोटाने खूण केली, पुन्हा लावा. त्याने लावलं. पुन्हा लावा. पाचव्यांदा ऐकून झाल्यावर तिने वही आपल्याकडे ओढली.

'मी अशी बोलत होतो?'

"हो. अशीच."

'तुमाले आठवते?'

हो म्हणणं सोपं होतं. "आज ऐकला तेव्हा आठवलं," मुकुंद म्हणाला. "त्याआधी मीही विसरलो होतो. मला माफ कर म्हणत नाही मी. ते तू ठरव."

 रत्नाने लॅपटॉप आपल्यासमोर घेतला, खुर्ची पुढे सरकवली आणि ते वाक्य स्वतःच लावलं. तिचे ओठ हलायला लागले. एक शब्द मागे राहून, अडखळत, बालवाडीतलं नवं पोर बाईंच्या मागून गाणं म्हणतं तशी ती चौदा वर्षांपूर्वीच्या त्या बाईच्या मागून म्हणत होती. वाक्य संपलं की पुन्हा पहिल्यापासून लावत होती.